लोडरचा हँडब्रेक सुटत नसेल तर

ब्रेक सुटत नाही म्हटले की मिस्त्री आधी पाना हातात घेतो. आम्ही म्हणतो, जरा थांबा! बकेट जमिनीवर टेकवा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, मग बोलू. मोठ्या लोडर-डंपरवर हा ब्रेक बहुधा स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने सुटतो. दाब गेला की ब्रेक आपोआप लागणारच. म्हणून दोष पुष्कळदा ब्रेकमध्ये नसतोच. प्रथम गेजवर दाब पाहावा. दाब ठीक असेल तर फ्यूज, स्विच आणि सॉलेनॉइड वाल्व्हपर्यंत करंट पोचतो का, ते मीटरने तपासावे. तेही ठीक असल्यास वाल्व्ह अडकला असेल, सील गळत असेल किंवा लायनिंग चिकटले असेल.

उलट, उतारावर यंत्र घसरत असेल तर लायनिंग झिजले आहे किंवा त्याला तेल लागले आहे. केबलचा ब्रेक असेल तर आधी केबलच ताणून पाहावी. त्याला खर्च नाही.

भाडे बुडते म्हणून ब्रेक कायमचा सोडून काम चालवणारे मालक आम्ही पाहिले आहेत. त्याहून घातक म्हणजे स्प्रिंगचा चेंबर तसाच उघडणे. आतली स्प्रिंग बोल्टने आवळून धरल्याशिवाय त्याच्या क्लॅम्पला हात लावू नये. झाकण उडाले तर माणूस जागीच जातो.