एकच हाक, घरोघरी वेगळी धावपळ

रात्री दारावर जोरात थाप पडली की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार होतात. कुणी लगेच भित्रा म्हणून मोकळं होतं. पण हे शरीराचं काम आहे, धीट माणसातही ते होतंच.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या लहान ग्रंथी अशा वेळी रक्तात अ‍ॅड्रेनालिन सोडतात. रक्त ते सगळीकडे नेतं, पण प्रत्येक अवयव आपापल्या परीनं वागतो. वस्तीत ‘टँकर आला’ अशी एकच हाक उठते. कुणी हंडे उचलतं, कुणी पाइप घेऊन धावतं, कुणी आधी गॅस बंद करतं. तसंच हे.

अ‍ॅड्रेनालिनची हाक ऐकणाऱ्या पेशींवरच्या जागांना रिसेप्टर म्हणतात. १९४८ साली अमेरिकेतील रेमंड अ‍ॅल्क्विस्ट यांनी त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले. अल्फामुळे कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार. पुढे बीटाचेही प्रकार कळले. बीटा-१ हृदयाचे ठोके वाढवतो, बीटा-२ श्वासनळ्या सैल करतो. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल हाच बीटा-२ जागा करतं. पंप घेतल्यावर हात थरथरतात तेही त्यामुळेच.

आता उलट बाजू. ब्रिटनच्या जेम्स ब्लॅक यांनी बीटा अडवणारं प्रोप्रानोलॉल हे औषध शोधलं. १९८८ च्या नोबेल पुरस्कारात या कामाचा वाटा होता. ही गोळी हृदयाची धडधड कमी करते, पण श्वासनळ्यांचा बीटा-२ सुद्धा अडवते.

आमच्या माहितीतल्या एका ताईंना जुना दमा. मुलाच्या नोकरीच्या काळजीनं छाती धडधडायची, म्हणून नणंदेच्या डब्यातली हीच गोळी त्यांनी घेतली. रात्री श्वास कोंडला. पंप घेतला तरी आराम पडेना, कारण पंपाचं औषध जिथं बसायचं तिथं गोळी आधीच बसली होती. दवाखान्यात वेळेत पोचल्या म्हणून निभावलं. नणंदेचा काही दोष नाही. तिला ती गोळी लागूच पडली होती.

बीपीच्या किंवा धडधडीच्या गोळ्या लिहून घेताना दमा असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं, त्यांनी विचारलं नाही तरी. आणि जी मंडळी अशी गोळी रोज घेतात त्यांनी पैसे संपले म्हणून ती एकदम सोडू नये. अडवलेले रिसेप्टर तोवर संख्येनं वाढलेले असतात. गोळी थांबताच ठोके पूर्वीपेक्षा जोरात धावतात, हृदयविकार असेल तर छातीत कळही येते. पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच सरकारी दवाखान्यात जाऊन यावं.