गोड्या पाण्याने धुवा, पण गोडं पाणी कुठं?

वरूड तालुक्यात झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाला पूर्णा नदीकाठच्या पोरांसोबत बचावाचा सराव करण्याचं खूळ लागलं. दोर जमले, ट्रॅक्टरच्या ट्यूब जमल्या, शिट्ट्याही आल्या. अडलं ते या काठावरून त्या काठावर बोलण्यापाशी. पुराच्या आवाजात हाक विरते, आणि ओल्या बोटांना मोबाइल दाद देत नाही.

रायगडच्या एका मित्राने मासेमारी नौकेवरचे दोन जुने बिनतारी हँडसेट दिले. हातात मावणारे, रबरी झाकणांचे, पाण्यात पडले तर तरंगणारे. पहिल्याच दिवशी एक सेट गाळात पडला. ‘‘काय होते त्याले भाऊ, वाटरप्रूफ हाय ना थो!’’ असं म्हणत एका पोराने तो उचलला, शेतातल्या बोअरच्या धारेखाली खंगाळला आणि पँटला पुसून परत दिला. लेखकाने तो त्याच रात्री चार्जरवर ठेवला. आठ दिवसांत सेट मुका झाला. दुरुस्तीवाल्याने बॅटरी काढून दाखवली, तर पितळी टोकांवर हिरवा थर. चार्जिंगच्या झाकणाखालच्या रबरी कड्याला बारीक चीर पडलेली.

चूक पोराची नव्हती. सेटच्या माहितीपत्रकात ‘वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा’ असं छापलेलं असतं, आणि कोकणातला खलाशी ते निमूट पाळतो; त्याच्या लेखी खारं पाणी समुद्रात आणि गोडं नळाला. वऱ्हाडात समुद्र नाही, म्हणून क्षाराची धास्ती नाही, असं लेखक धरून चालला. पण पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात भूगर्भातलंच पाणी खारं. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांसाठी वान धरणावरून ८४ खेडी योजना आणावी लागली ती त्यापायीच. अशा बोअरचं पाणी सेटवर वाळलं, की क्षार तिथेच बसतो. त्यात ओलसर टोकांना चार्जरची वीज मिळाली, म्हणजे धातू झिजायला दुसरं काही लागत नाही.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा. सेटवर आयपीएक्स-७ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की तो एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं टिकतो, आणि ही चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात, नव्या सेटवर होते. गाळाचा, पुराच्या लोंढ्याचा किंवा पाच वर्षं जुन्या रबराचा त्यात हिशोब नाही. अकोल्याचा मे महिना तर रबराचा वैरीच. पारा ४५च्या वर असताना जीपच्या काचेमागे ठेवलेल्या सेटचं कडं कडक होतं आणि लिथियम बॅटरीचं आयुष्यही घटतं.

म्हणून झाकण प्रत्येक वेळी बोट फिरवून पाहावं. कड्यावर वाळूचा एक कणही बसला, तरी पाण्याला वाट मिळते. सेट धुताना बॅटरी जागेवर आणि झाकणं घट्ट हवीत. स्पीकरची जाळी खाली करून पाणी झटकावं, सुती फडक्याने टिपावं, रात्रभर सावलीत ठेवावं, आणि चार्जिंगचा विचार दुसऱ्या दिवशी करावा. हंगाम संपल्यावर बॅटरी निम्मी भरून, सेटपासून वेगळी काढून, थंड जागी ठेवावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवलेली बॅटरी पुढच्या जूनमध्ये दगा देते.

दुसरी चूकही लेखकाचीच, आणि ती जास्त लाजिरवाणी. सागरी सेटवर १६ क्रमांकाचं चॅनेल असतं, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. समुद्रात संकटाची हाक त्यावर देतात. जहाजं आणि तटरक्षक दल कान देऊन असतात. पूर्णेच्या काठावर ते कोण ऐकणार? रेल्वेने मुंबई साडेपाचशे किलोमीटरहून जास्त लांब, आणि या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. शिवाय १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने असा सेट विनापरवाना जवळ बाळगणंही गुन्हा होतं, हे लेखकाला एका निवृत्त पोलीस बिनतारी कर्मचाऱ्याकडून कळलं. दोन्ही सेट मित्राकडे परत गेले, एक चालू, एक बंद.

परवान्याविना वापरायला २०१८ पासून ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा खुला आहे, तोही कमी शक्तीच्या, मंजुरी असलेल्या सेटपुरता. दोन काठांमधल्या बोलण्याला तो पुरतो. ऑनलाइन दिसणारे सगळेच वॉकीटॉकी त्यात बसत नाहीत. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्री संकेतस्थळांना नोटिसा दिल्या त्या याच कारणाने. घेण्याआधी लहरी आणि मंजुरी दोन्ही पाहून घ्या.

पुरात खरी हाक मारायची, तर ती जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर. सेट फक्त आपसात बोलायला. आणि खारपाणपट्ट्यात सरावाला जाणाऱ्या पोरांनी सेटसोबत धरणाच्या नळाच्या पाण्याची एक कॅन घरून न्यावी. बोअरकडे जाऊ नये.