मेंदूचा हादरा आणि खेळाडूची विश्रांती

खेळताना डोक्याला मार लागला की पाहणाऱ्याची नजर प्रथम रक्ताकडे जाते. रक्त नाही, कवटी फुटलेली नाही, खेळाडू उठून उभा राहिला आहे, असे दिसले म्हणजे ‘काही झाले नाही’ असे म्हणून खेळ पुढे चालू होतो. या प्रकरणात ज्या दुखापतीचा विचार करावयाचा आहे, ती नेमकी अशाच वेळी दृष्टीआड राहते. वैद्यकात तिला कन्कशन म्हणतात. आपण तिला मेंदूचा हादरा म्हणू.

डोक्याच्या दोन निराळ्या दुखापतींची येथे गल्लत होऊ देता कामा नये. १९६२ च्या मार्चमध्ये बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. त्यांची कवटी भंगली आणि तातडीने शस्त्रक्रिया करूनच त्यांचे प्राण वाचवावे लागले. पुढे ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले, परंतु कसोटी सामना पुन्हा खेळले नाहीत. अशी इजा क्ष-किरणांच्या किंवा सीटी स्कॅनच्या चित्रात दिसते. मेंदूच्या हादऱ्यात मात्र ही चित्रे बहुधा निर्दोष असतात. बिघाड रचनेत नसतो, कार्यात असतो. दहाव्या शतकाच्या सुमारास अल् राझी या वैद्याने हा भेद ओळखला होता, असे वैद्यकाचे इतिहासकार सांगतात.

हादरा कसा बसतो?

मेंदू हा मऊ अवयव असून तो कवटीच्या आत द्रवाने वेढलेला असतो. डोके एकाएकी थांबले किंवा गर्रकन वळले, तर कवटीच्या मागोमाग मेंदू त्याच क्षणी वळत नाही. त्याच्या थरांना पीळ बसतो. ऑक्सफर्डमधील पदार्थवैज्ञानिक होलबर्न यांनी १९४३ मध्ये कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरून हे तत्त्व दाखवून दिले. सरळ धक्क्यापेक्षा वळणारा धक्का अधिक घातक ठरतो. म्हणूनच शिरस्त्राण कवटीचे भंगणे टाळू शकते; आतल्या मेंदूचे वळणे ते पुरते रोखू शकत नाही.

पीळ बसल्यावर चेतापेशींमध्ये काय घडते, याचे विवेचन कॅलिफोर्नियातील गिझा आणि होव्डा यांनी २००१ मध्ये केले. त्याचा आधार मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचा होता. पेशींतील पोटॅशियम बाहेर येते आणि कॅल्शियम आत शिरते. हा समतोल पुन्हा साधण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक ऊर्जा लागते, आणि त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशा या अवस्थेत दुसरा आघात झाल्यास पहिल्या आघाताच्या मानाने अधिक हानी होण्याची भीती असते. क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, अशा दुसऱ्या आघातानंतर मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

दोन कसोटी सामने

जानेवारी १९८१ मध्ये सिडनीच्या कसोटी सामन्यात मुंबईचे संदीप पाटील शिरस्त्राणाविना खेळत होते. ६५ धावांवर असताना लेन पॅस्को यांचा उसळता चेंडू त्यांच्या कानाजवळ लागला, ते खाली कोसळले आणि त्यांना मैदान सोडावे लागले. दोन दिवसांनी, त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात, ते पुन्हा फलंदाजीस उतरले आणि ४ धावांवर बाद झाले. पुढच्याच कसोटीत, ॲडलेडला, त्यांनी १७४ धावा काढल्या. महाराष्ट्रात ही कथा धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यातून वैद्यकीय बोध घेऊ नये. त्या काळी बदली खेळाडूस फलंदाजी करण्याची मुभा नव्हती. जखमी फलंदाज उतरला नाही तर संघाचा एक गडी कमी होत असे.

ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चर यांचा चेंडू स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर, डाव्या कानाखाली लागला. तपासणीत दोष आढळला नाही, म्हणून ते थोड्या वेळाने परत आले आणि ९२ धावांवर बाद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हादऱ्याची लक्षणे प्रकट झाली. नियम त्याच महिन्यात बदललेला असल्यामुळे त्यांच्या जागी मार्नस लाबुशेन यांना फलंदाजीसह सर्व अधिकारांनिशी खेळता आले. स्मिथ पुढच्या कसोटीत खेळले नाहीत. त्यानंतरच्या मँचेस्टरच्या कसोटीत त्यांनी २११ धावा केल्या.

या उदाहरणात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की लक्षणे तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशीही दिसतात. तेव्हा मैदानावरील एका तपासणीने निर्वाळा देता येत नाही. दुसरी अशी की खेळाडूला विश्रांती देणे केवळ वैद्याच्या सल्ल्याने साधत नाही. विश्रांती घेतल्याने संघाचे नुकसान होणार असेल, तर खेळाडू लक्षणे लपवितो. नियमाने ते नुकसान दूर केले, म्हणजे खरे बोलणे सोपे होते.

खेळत राहिल्यास काय होते?

२०१६ मध्ये अमेरिकेत एल्बिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९ तरुण खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हादरा बसताच ज्यांनी खेळ थांबविला, त्यांना बरे होण्यास सरासरी २२ दिवस लागले. जे तसेच खेळत राहिले, त्यांना सुमारे ४४ दिवस लागले. खेळाडूंची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नसल्यामुळे हा शेवटचा पुरावा मानता येणार नाही. तरीही त्याची दिशा स्पष्ट आहे: खेळत राहून वाचविलेल्या काही मिनिटांची किंमत पुढे आठवड्यांच्या हिशेबाने मोजावी लागते.

विश्रांतीविषयीचे मतही बदलले आहे. पूर्वी रोग्यास अंधाऱ्या खोलीत, लक्षणे पुरती जाईपर्यंत, निजवून ठेवीत. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने अशी कडक विश्रांती हितकारक नसल्याचे नमूद केले. पहिले एक ते दोन दिवस दैनंदिन हालचाली बेताने चालू ठेवाव्या, पडद्यावरील वाचन-पाहणे कमी करावे, आणि नंतर हलका व्यायाम सुरू करावा. लेडी यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १३ ते १८ वर्षे वयाच्या १०३ खेळाडूंचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. हलका दमश्वासाचा व्यायाम करणारा गट मध्यमानाने १३ दिवसांत बरा झाला; केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटास १७ दिवस लागले.

खेळाकडे परतण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. नित्याचे व्यवहार, हलका व्यायाम, एकट्याने खेळाचा सराव, अंगलट न होणारा सांघिक सराव, वैद्याच्या संमतीनंतर पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीस निदान एक दिवस द्यावा. लक्षणे लक्षात येण्याजोगी वाढली, तर त्या दिवसापुरते थांबावे. पूर्ण सरावापूर्वी लक्षणे पूर्णपणे गेलेली असली पाहिजेत. विद्यार्थ्याने आधी शाळेत रुळावे, मग मैदानावर यावे.

गावच्या मैदानावर

हे सारे ज्ञान कसोटी सामन्यांपुरते नाही. तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ आडुतुरै हे गाव आहे. तेथील भात संशोधन संस्थेमुळे आणि गावाच्या नावाने निघालेल्या भाताच्या वाणांमुळे शेतीच्या क्षेत्रात ते परिचित आहे. कावेरीच्या या खोऱ्यात पोंगलच्या सुमारास कबड्डीचे सामने रंगतात. तमिळमध्ये या खेळास सडुगुडु असेही नाव आहे. चढाई करणाऱ्याचा घोटा धरून त्याला मागे खेचले की त्याचे डोके कठीण भुईवर आदळू शकते; पकड करणाऱ्याच्या कपाळास दुसऱ्याचा गुडघा लागू शकतो. तेथे शिरस्त्राण नसते, संघाचा वैद्य नसतो, आणि तंजावरचे वैद्यकीय महाविद्यालय पन्नासेक किलोमीटरवर असते. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी स्थिती याहून फारशी निराळी नाही.

अशा ठिकाणी पंचाला आणि शिक्षकाला यंत्रांची गरज नाही. हादरा ओळखण्याचे प्रश्न साधे आहेत. आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा पहिला डाव की दुसरा? शेवटचा गुण कोणी मिळविला? मागचा सामना कोणाशी झाला, आणि तो आपण जिंकलो का? ऑस्ट्रेलियातील मॅडॉक्स यांच्या अभ्यासात असे दिसले की नाव किंवा जन्मतारीख विचारण्यापेक्षा नुकत्याच घडलेल्या गोष्टी विचारल्याने बिघाड अधिक चांगला उघड होतो. उत्तर चुकले, चाल डळमळीत वाटली, नजर शून्य दिसली, डोके दुखते किंवा मळमळते असे खेळाडू म्हणाला, तर यांपैकी एकच गोष्ट पुरेशी समजावी. मात्र सगळी उत्तरे बरोबर आली म्हणून खेळण्यास परवानगी मिळते, असे नाही. शंका हीच मैदानाबाहेर नेण्याची आज्ञा होय. त्या दिवशी त्याने पुन्हा खेळू नये, वाहन चालवू नये, आणि पहिले काही तास त्याला एकटे सोडू नये.

शुद्ध हरपणे, पुन्हापुन्हा ओकारी, आचके, वाढत जाणारी डोकेदुखी, मानेत तीव्र वेदना, एकाची दोन दिसणे, हातापायांत मुंग्या किंवा दुबळेपणा, वाढती गुंगी किंवा बेचैनी, यांपैकी काही आढळल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. तेव्हा प्रश्न खेळाचा राहिलेला नसतो. कवटीत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो.

बहुतेक प्रौढ खेळाडू दोन आठवड्यांत, आणि मुले चार आठवड्यांत, बरी होतात. हे आश्वासन मोठे आहे; परंतु पहिल्याच क्षणी मैदान सोडणाऱ्याच्या वाट्याला ते अधिक खात्रीने येते. कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. हादरा बसलेल्या गड्यालाही तसेच परत यावयाचे आहे. त्यासाठी त्याने आज रेषेबाहेर बसावे, आणि त्याला तेथे बसविण्याचे धैर्य मोठ्यांनी दाखवावे.