खुली संगणक-प्रणाली : चालवावी कशी, सांभाळावी कशी



आजचे युग संगणकाचे युग आहे, हे वाक्य आता जुने झाले. नवा प्रश्न निराळाच आहे. विहाराच्या अभ्यासिकेत, समाजमंदिरात किंवा घरी कुणीतरी दिलेला जुना संगणक असतो. तो सुरू होतो, पण रखडत चालतो. त्यातील 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. 'विंडोज ११' घालावी, तर तिच्या अटींत जुने यंत्र बसत नाही. नवे घ्यावे, तर वर्गणी पुरत नाही. शेवटी यंत्रावर कापड पडते आणि मुले परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी पैसे मोजून सायबर कॅफेत जातात. अशा वेळी उपयोगी पडणाऱ्या खुल्या प्रणालींची ओळख करून द्यावी व त्या सांभाळण्याची रीत सांगावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(१) प्रणाली म्हणजे काय?

यंत्र आणि आपले काम यांच्यामध्ये बसलेला कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. फाइल कोठे ठेवायची, छपाई कोणाची आधी, कोणाला आत येऊ द्यायचे, हे सर्व ती ठरवते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही प्रणाली घडविली. अनेक माणसांनी एकच यंत्र वापरावे, पण एकाने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, ही शिस्त तिच्यात रुजली. तिची एक शाखा बर्कले येथील विद्यापीठात वाढली. त्या शाखेतून पुढे १९९३ साली 'फ्रीबीएसडी' व 'नेटबीएसडी' या खुल्या प्रणाली निघाल्या.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखी, परंतु सर्वांना मुक्त असलेली 'ग्नू' प्रणाली उभारण्याची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला. तोच 'लिनक्स'. या दोहोंच्या संगमातून आजच्या बहुतेक खुल्या प्रणाली झाल्या. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेली 'डेबियन' ही त्यांपैकी एक. जगभरचे स्वयंसेवक ती आजही चालवितात. २००४ साली निघालेली 'उबुंटू' डेबियनच्याच पायावर उभी आहे. आपल्या देशात सी-डॅकने २००७ साली 'बॉस' ही प्रणाली डेबियनच्याच आधारे काढली. केरळच्या सरकारी शाळांत तर मुक्त प्रणालीवरच मुले संगणक शिकतात. तेव्हा हा काही हौशी लोकांचा खेळ आहे, असे समजण्याचे कारण नाही.

(२) 'मुक्त' याचा अर्थ

मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. येथे चार हक्क अभिप्रेत आहेत : प्रणाली कोणत्याही कामासाठी वापरणे, ती आतून कशी चालते हे अभ्यासून बदलणे, तिच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. ग्नूच्या परवान्याची अट अशी की, जो बदललेली प्रत दुसऱ्याला देईल, त्याने तिची मूळ संहिताही खुली ठेवली पाहिजे.

महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्ध आनंदांना सांगतात की, तथागतांजवळ आचार्यमुष्टी नाही. म्हणजे शिष्यांपासून मुठीत झाकून ठेवलेले असे काही नाही. ज्ञान मुठीत ठेवण्याने आपल्या पूर्वजांच्या किती पिढ्या अंधारात राहिल्या, हे येथे सांगण्याची गरज नाही. म्हणून उघड्या मुठीची ही रीत आपल्या विद्यार्थ्यांना परकी वाटू नये.

(३) जुने यंत्र कामाला कसे लावावे?

चुल्लवग्गात एक कथा आहे. कोसंबीचा राजा उदेन आनंदांना विचारतो, इतक्या चीवरांचे आपण काय करणार? आनंद सांगतात की, जीर्ण चीवरे असलेल्या भिक्खूंना ती वाटली जातील. जुन्या चीवरांचे अंथरूण होते, अंथरुणाची गादीची खोळ, खोळीचे भुईवरचे आसन, त्याचे पायपुसणे, मग धूळ झटकण्याचे फडके, आणि शेवटी तेही चिखलात कालवून जमीन लिंपली जाते. दानात मिळालेली वस्तू वाया घालवू नये, हा त्यातील बोध आहे. दान मिळालेल्या संगणकालाही तो लागू पडतो.

प्रथम यंत्रातील जुनी कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, कारण नवी प्रणाली बसविताना डिस्क पुसली जाण्याचा संभव असतो. नंतर पेनड्राइव्हवर प्रणाली घेऊन तेथूनच यंत्र सुरू करून पाहावे. डिस्कला हात न लावता पडदा, आवाज, वायफाय, छपाई यांची तपासणी होते. यंत्र ६४ बिटचे आहे ना, हेही पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेली 'डेबियन १३' ३२ बिटच्या जुन्या यंत्रांवर नव्याने बसविता येत नाही. रॅम २ जीबी असेल तर 'एक्सएफसीई'सारखे हलके रूप निवडावे. ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसविली, तर तेच यंत्र ओळखू येणार नाही इतके चपळ होते. मराठीसाठी युनिकोड व इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो. पत्रे व हिशेब यांसाठी 'लिब्रेऑफिस' आहे.

मात्र सर्व काही होईल असा दावा आम्ही करीत नाही. काही छपाईयंत्रे, काही डिजिटल सहीची साधने व काही हिशेबाचे कार्यक्रम फक्त विंडोजवरच चालतात. ज्याचे काम त्यावाचून अडते, त्याने एक यंत्र तसेच ठेवावे. तसेच कार्यालयातील संगणक आपल्या मालकीचा नसतो. तेथे वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय काहीही बसवू नये.

(४) सांभाळण्याची रीत

बसविणे हे एका दुपारचे काम आहे. सांभाळणे हे वर्षानुवर्षांचे. पुढील नियम घरी व संस्थेत दोन्हीकडे पाळावेत :

(अ) युनिक्समध्ये 'रूट' हा सर्वाधिकारी असतो. रोजचे काम त्या नावाने कधीही करू नये. प्रत्येक विद्यार्थ्याला साधे, वेगळे खाते द्यावे. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या एकाच माणसाकडे नसतात. त्याचप्रमाणे रूटचा अधिकार दोघा जबाबदार व्यक्तींना माहीत असावा. एक बदलून गेला तरी यंत्र अडू नये.

(आ) आठवड्यातून एकदा सुधारणा उतरवून घ्याव्यात. गाभ्याची सुधारणा आली, तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. त्याशिवाय ती लागू होत नाही.

(इ) कागदपत्रांच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत. महिन्यातून एकदा प्रतीमधून एखादी फाइल परत काढून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असे धरू नये.

(ई) डिस्कवर किती जागा उरली, हे दर महिन्याला पाहावे. डिस्क काठोकाठ भरली की सुधारणाही अडतात.

(उ) यंत्राशेजारी एक वही ठेवावी. कोणी, कोणत्या तारखेला, काय बदलले, हे तिच्यात लिहावे. बिघाड झाल्यावर ही वही सर्वांत आधी उपयोगी पडते.

(ऊ) आपल्या आवृत्तीचा आधार कधी संपतो, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. डेबियनमध्ये एक आवृत्ती ओलांडून उडी मारू नये. बारावरून तेरावर, असे क्रमाने जावे.

(५) खुले आहे म्हणून सुरक्षित आहे काय?

हा प्रश्न विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावा. 'एक्सझेड' नावाचा, फाइल दाबून लहान करणारा एक छोटा कार्यक्रम बहुतेक सर्व लिनक्स प्रणालींत असतो. त्याचा भार मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका व्यक्तीने हळूहळू विश्वास संपादन केला आणि २०२४ च्या आरंभी त्यात चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच जाणवले. त्यांनी ते सोडून दिले नाही. शोध घेतला आणि २९ मार्च रोजी सर्वांना सावध केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो दोष पोहोचलाच नव्हता.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. संहिता उघडी होती, म्हणूनच शोध घेता आला. परंतु उघडी होती एवढ्यानेच कोणी वाचले नाही. एक माणूस जागा होता, म्हणून वाचले. आणि ज्या एकट्या स्वयंसेवकावर भार टाकून सारे निश्चिंत राहिले, तेथूनच चोर आत आला.

(६) समारोप

१९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही तळे कागदावरच खुले राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे तेथे गेली व पाणी प्याली, तेव्हा त्या हक्कात प्राण आला. त्या महान संग्रामाशी संगणकाची बरोबरी करण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. पण कागदावरचा हक्क वापरल्याशिवाय आपला होत नाही, हा धडा लहान गोष्टींनाही लागू आहे.

मुक्त प्रणालीच्या परवान्याने मिळालेला हक्क असाच आहे. म्हणून प्रत्येक अभ्यासिकेने दोन विद्यार्थी व एक वडीलधारी व्यक्ती अशी तिघांची नेमणूक करावी, एक वही घ्यावी व एका यंत्रापासून सुरुवात करावी. दरवर्षी दोघांनी नव्या दोघांना शिकवावे. यंत्रे येतील, जातील. शिकविण्याची साखळी मात्र तुटू देऊ नये. कापडाखाली झाकलेला एक संगणक जरी यंदा सुरू झाला, तरी या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.

जयभीम!