बाणावर काय लिहिलंय ते बघ

अगं, तू म्हणालीस ना, ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ म्हटलं की आठवीची पोरं पाच मिनिटांत चौकटी भरून मोकळी होतात आणि तोंडी विचारलं की एकमेकांकडे बघत बसतात. त्यात तुझं शिकवणं कमी पडत नाही, हे आधी मनातून काढून टाक. छापून आलेल्या चौकटीत विचार कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. मुलांनी पाठात शब्द हुडकायचा आणि तिथे टाकायचा. कृतिपत्रिकेसाठी तो सराव लागतो, तो घे. फक्त तेवढ्यावर थांबू नकोस.

त्यांना कोरा कागद दे. प्रकाशसंश्लेषण नुकतंच झालंय ना? फळ्यावर नुसते शब्द लिही: पान, सूर्यप्रकाश, पाणी, माती, कार्बन डायऑक्साइड, हरितद्रव्य, अन्न, ऑक्सिजन. मुलांनी ते आपापल्या मनाने मांडायचे, बाणांनी जोडायचे आणि प्रत्येक बाणावर एखादं क्रियापद लिहायचं. शोषतं, बनवतं, सोडतं, काहीही. पण बिनशब्दांचा बाण चालणार नाही, हे आधीच बजावून ठेव. रेघ कुणीही ओढतं गं. या दोघांचा संबंध नेमका काय, हे लिहायची वेळ आली की खरी तारांबळ उडते आणि मूल तिथेच विचाराला लागतं.

कुणीतरी मातीपासून अन्नाकडे बाण काढेल बघ, आणि वर लिहील, ‘मुळं शोषतात’. झाड मातीतून आयतं अन्न घेतं, हा समज फार चिवट असतो. चौकटी भरताना तो वर येतच नाही, त्याच मुलाला तिथे पैकीच्या पैकी मिळून जातात. असा बाण दिसला की लगेच लाल पेन उचलू नकोस. व्हॅन हेल्मॉन्टचा प्रयोग सांग. सतराव्या शतकात त्याने कुंडीत विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन सुमारे ७४ किलोंनी वाढलं, माती मात्र जेमतेम ५७ ग्रॅम घटली. हे सगळं पाण्यातूनच आलं, असं त्याला वाटलं. मग मुलांना विचार, हवेतला कार्बन डायऑक्साइड फळ्यावर कशाला लिहिलाय? त्यांचे त्यांनाच बाण वळवू दे.

ही पद्धत निघालीच मुळी अशा गोष्टी दिसाव्यात म्हणून. १९७२च्या सुमारास अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुलांच्या मुलाखती घेत होते, विज्ञानाची समज वर्षागणिक कशी बदलते ते पाहायला. मुलाखतींच्या त्या ढिगातून मुलाला काय कळलंय ते नजरेत यावं, म्हणून त्यांनी असे नकाशे काढायला सुरुवात केली. म्हणून म्हणते, स्केचपेनच्या रंगांना आणि सुबक अक्षराला गुण देऊ नकोस.

आणि एक अगदी मनावर घे: पुस्तक मिटायला लाव. २०११ साली कार्पिकी आणि ब्लंट या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग मांडला. मजकूर समोर ठेवून संकल्पनाचित्र काढणाऱ्यांपेक्षा, वाचून झाल्यावर आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं होतं. पुढे त्यांनीच दाखवलं की चित्रसुद्धा आठवून काढलं तर तेवढंच उपयोगी पडतं. म्हणजे आधी आठवून काढायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगात भरायचं. तो दुसरा रंग तुला पुढच्या तासाला काय घ्यायचं ते सांगेल.

सगळ्याच धड्यांना हे लावू नकोस. तुलना असेल तिथे एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं पुरतात, घटनाक्रमाला ओघतक्ता बरा.

पहिल्यांदा वर्ग गोंधळेल, ‘मॅडम, बरोबर कसं काढायचं?’ असं दहादा विचारतील. उत्तर देऊ नकोस, चारच शब्दांपासून सुरू कर. आणि साठ कागद घेऊन रात्री जागत बसू नकोस हं. मुलं काढत असताना बाकांमधून फिर, बाण वाच. धडा संपला की तेच शब्द पुन्हा दे, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून काय बदललं ते त्यांनाच बोलू दे.