शाई लागण्याआधीचं काम

सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा दर निवडणुकीला ठरलेलं असायचं. आदेश यायचा, प्रशिक्षण व्हायचं, आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य ताब्यात घेऊन एसटीनं केंद्र गाठायचं आणि कुठल्यातरी शाळेच्या वर्गात सतरंजीवर रात्र काढायची. मध्ये काही वर्षं बीएलओचं, म्हणजे घरोघरी मतदार यादी तपासण्याचं, कामही केलं. आता निवृत्त झाल्यावर टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, रांगेत उभी असते. मत द्या असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम कोणी फारसं सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

१. कार्ड खिशात असलं तरी यादीत नाव बघावं.

मतदानाच्या दिवशी सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. "बाई, कार्ड आहे की माझ्याकडं!" कार्डावरून तुम्ही कोण ते कळतं, पण मत देता येईल की नाही ते यादीवरून ठरतं. आणि प्रचाराला रंग चढेपर्यंत यादी बंद झालेली असते. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरतं नवं नाव चढत नाही. ग्रामपंचायत-पालिकेला तर राज्य निवडणूक आयोगानं ठरवलेल्या तारखेची विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून घेतात. नवं नाव घालायला सहा नंबरचा फॉर्म, दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला आठ नंबरचा. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण लागायचे, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरतात.

सर्वांत जास्त नावं सुटतात ती लग्न होऊन आलेल्या मुलींची. नांदायला इकडं, नाव माहेरच्या यादीत. सुनेचं नाव रेशनकार्डात घालायची घाई घरच्यांना असते, मतदार यादीचं कोणी काढत नाही. याच्या उलट, गेलेल्या माणसांची नावं मात्र वर्षानुवर्षं टिकतात. एका घरी नाव वगळायचा सात नंबरचा फॉर्म पुढे केला तर मुलगा म्हणाला, "राहू दे की बाई, आईचं नाव आहे." त्याचा हात सहीला धजेना आणि मलाही पुढं बोलवेना. पण असं राहिलेलं नाव दुसऱ्याच कोणाच्या तरी उपयोगी पडतं, हे त्याला नंतर सांगितलं.

२. दारात आलेल्या उमेदवाराला लहान प्रश्न विचारावा.

"गावाचा विकास करणार का?" याला 'हो'शिवाय उत्तरच नसतं. "टाकी बांधून झाली, मग वरच्या आळीला पाणी का चढत नाही, आणि ते चढवायला कोणाची सही लागते?" असं विचारलं की गळ्यात हार असलेला माणूसही जरा थांबतो, शेजारच्या कार्यकर्त्याकडं बघतो. प्रश्न ज्याचा त्यालाच विचारावा. गटार ग्रामपंचायतीचं, गावाकडं येणारा रस्ता झेडपीचा नाहीतर बांधकाम खात्याचा, नॅशनल हायवे केंद्राचा. खासदाराला गटाराबद्दल विचारलं की तो आनंदानं मान डोलावतो, कारण त्याचं उत्तर त्याला कधीच द्यावं लागणार नसतं.

आणि विचारायला माणूसच नसेल तर काय होतं, ते शहरातल्यांनी नुकतंच पाहिलं. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधला सगळा काळ प्रशासक. पुण्याची माझी भाची म्हणायची, तक्रार मोबाइलवरून टाकता येते गं मावशी, पण ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा नगरसेवक नाही. नगरसेवकांना आपण कितीही नावं ठेवली तरी त्यांच्या दाराचा उपयोग तेव्हा कळला.

३. शपथपत्र वाचावं.

उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण, खटले हे सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतरची ही सोय, आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही बघता येते. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवून वाचलं तर करमणूकही होते. व्यवसायाच्या रकान्यात 'शेती व समाजसेवा' लिहिलेलं असतं आणि मालमत्तेच्या रकान्यात त्या समाजसेवेला लागलेलं पीक.

४. पाकिटाबद्दल.

"पैसे घ्या आणि मत हवं त्याला द्या" हा शहाणपणा मला कधी पटला नाही. कायद्यानं देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, ते आहेच. पण त्याहून मोठं नुकसान पुढच्या पाच वर्षांत होतं. पाकीट घेतलेला माणूस रस्त्याबद्दल तोंड उघडायला गेला की समोरचा नुसता हसतो. विधानसभा-लोकसभेच्या वेळी सी-व्हिजिल अॅपवर फोटो टाकून नाव न सांगता तक्रार करता येते आणि शंभर मिनिटांत तिच्यावर कारवाई अपेक्षित असते. गावात नाव लपतं का, हा प्रश्न वेगळा.

५. केंद्रावरचे आपले हक्क माहीत असावेत.

सातला मतदान असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान होतं. निदान पन्नास मतं टाकून, मोजून, मग मशीन कोरं करतात, तेही उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. मशीनबद्दल दिवसभर सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्यांचा प्रतिनिधी त्या वेळी बहुतेकदा झोपलेला असतो, हे माझं निरीक्षण.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर तणतणत घरी जाऊ नये. केंद्राध्यक्षांकडं प्रदत्त मत मागावं. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते. ती एरवीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर तिला किंमत येते. आणि सहाला फाटक बंद झालं तरी रांगेतल्या प्रत्येकाला मत देता येतं. आम्ही चिठ्ठ्या वाटायचो त्या शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढं यायचो, म्हणजे मागून नवा कोणी घुसत नाही.

६. एका मताच्या गोष्टींवर फार विसंबू नये.

गोष्टी खऱ्या आहेत. २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला, त्याच वर्षी मालेगाव मध्य विधानसभेचा १६२ मतांनी. २०१७ च्या मुंबई महापालिकेत एका प्रभागात समसमान मतं पडून चिठ्ठी काढावी लागली. पण बहुतेक ठिकाणी फरक हजारांत असतो आणि तरुण पोरांना ते कळतं. "माझ्या एका मतानं काय होणार?" या प्रश्नाला चिठ्ठीची गोष्ट हे उत्तर नव्हे.

खरं उत्तर निकालानंतर कळतं. मोजणी झाली की बूथनिहाय आकडे बाहेर येतात. तुम्ही कोणाला मत दिलं ते कोणालाच कळत नाही, पण तुमच्या बूथवर किती जण आले ते सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना पाठ असतं. "त्या सोसायट्यांत कशाला जायचं, तिथले लोक उतरतच नाहीत," हे वाक्य मी केंद्राबाहेरच्या मांडवात कितीदा तरी ऐकलं आहे. पुढच्या खेपेला प्रचार तिथं जात नाही, मग कामही जात नाही. हरणाऱ्याला दिलेलं मतही या हिशेबात भरतं. म्हणून मी जाते.

७. नोटा दाबायचं तर जरूर दाबा.

२०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होतं. पहिला आला तो आमदार झाला.

८. न जाणं हेही मत होऊ शकतं, ते आडव्या बाटलीनं दाखवलं.

गावातलं दारूचं दुकान बंद करायला महिलांचं मतदान घेता येतं. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग मतपत्रिकेवर दोन चिन्हं येतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. यातली मेख अशी की आलेल्या बायकांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते, मग ती मुंबईला लेकाकडं गेलेली का असेना.

आमच्या शेजारच्या गावात हे मतदान लागलं तेव्हा बायकांनी प्रचारफेरीपेक्षा यादीवरच जास्त कष्ट घेतले. कोण बाळंतपणाला गेली आहे, कोण ऊसतोडीला, कोणाचं नाव दोनदा आलं आहे, कोण हयात नाही, हे वहीत लिहून काढलं. नवऱ्याच्या भीतीनं न येणाऱ्या बायकांना आणायला त्यांच्या नणंदा-जावांना पाठवलं. शेवटी दुकान बंद झालं. मी बीएलओ म्हणून जी यादी कंटाळत तपासायची, ती यादी इतकी तळमळीनं वाचलेली मी पुन्हा पाहिली नाही.

९. निवडणूक संपल्यावर ग्रामसभेला जावं.

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातलं जे कमी ते. तेवढेही आले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मुरलेल्या सरपंचाला हे चांगलं ठाऊक असतं. मतदानाला उन्हात दोन-दोन तास थांबलेली माणसं या सभेला दिसत नाहीत, आणि पुढच्या वर्षाचा आराखडा ओट्यावरच्या मूठभर लोकांत मंजूर होतो. मागच्या आराखड्यात अंगणवाडीच्या संडासाचं काम घुसलं ते त्या दिवशी चौघी बायका उठून बोलल्या म्हणून. त्यातल्या दोघी अंगणवाडीच्याच होत्या.