ग्लुकोज आणि जलसंजीवनी

मुलांनो, सांगवीत ऊन तापले की दुकानांत ग्लुकोजचे डबे दिसू लागतात. ग्लुकोज ही एक साखरच आहे. खेळून तहान लागली, तर साधे पाणी पुरते.

पण लहान भावाला जुलाब झाले, तर नुसते ग्लुकोजचे पाणी पाजू नका. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. शिवाय शरीरातले मीठही गेलेले असते. त्याला जलसंजीवनी द्या. तिच्यात ग्लुकोज आणि क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पाजून कॉलराचे मृत्यू पुष्कळ कमी केले.

पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात अख्खी पुडी विरघळवा. गोड लागत नाही म्हणून वरून साखर घालू नका! चमच्याचमच्याने पाजा. बाळ सुस्त झाले, तर वाट पाहू नका. शेजारीच औंधचे जिल्हा रुग्णालय आहे.